चार नंबरचं मशीन

चार नंबरचं मशीन थांबलं तेव्हा
मी काचेआड उभी होते, हातात कॉफीचा कप.
एकतीस वर्षं कानात राहायला आलेला आवाज
एका बुधवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी
बिऱ्हाड हलवून गेला.
मला वाटलं, मी बहिरी झाले.

मशीन सुटं करून विकलं त्यांनी.
लाकडी खोक्यांतून, एकेका हाडावर क्रमांक घालून
कुठल्याशा दूरच्या देशात गेलं.
साठ ट्रक. मी मोजले.
दुसरं काय काम होतं?

सायमा सरोवराच्या काठचं हे आमचं गाव.
पूर्वी वाऱ्याला सडक्या कोबीचा वास असायचा.
"हा आपल्या भाकरीचा वास," वडील म्हणायचे
आणि खिडकी उघडीच ठेवायचे.
आता हवा स्वच्छ आहे.
पर्यटक येतात, धुराड्याचा फोटो काढतात.

बोटं मात्र अजून पाळीवर जातात.
अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये जे येईल
त्याचं वजन सांगतात, न विचारता:
वर्तमानपत्र, पंचेचाळीस ग्रॅम.
विजेचं बिल, ऐंशी.
देवळातल्या स्तोत्रांच्या पुस्तकाचं पान, चाळीस,
उजव्या कडेला जरा कमीच,
त्या दिवशी कुणीतरी ओल नीट धरली नव्हती.
सगळी मंडळी उभी राहून गाते
आणि मी पान चोळत बसलेली.
प्रभू, रागावू नकोस.
मला एवढंच वाचता येतं.

मग वेन्लानं विचारलं,
मावशी, माझ्या बाळाची धर्ममाता होशील?
फॉर्म आला. नाव. जन्मतारीख. मंडळी.
व्यवसाय.
मी लिहिलं: कागद. खोडलं.
लिहिलं: निवृत्त. पण मी सत्तावन्नची, ते खोटं.
तिसरा शब्द लिहिलाच नाही,
त्यानं ऐंशी ग्रॅमला भोक पडलं असतं.
पाळकबाईंना फोन केला.
त्या हसल्या. "अहो, तो जुना फॉर्म,
ती चौकट आता कुणी वाचत नाही."
हायसं वाटायला हवं होतं.
मला राग आला.
रात्रभर आला.

रविवारी दाराशी लेम्पी बसली होती,
वय त्र्याण्णव, मांडीवर हातमोजे,
माणसं विसरलेली, रीत नाही.
जुन्या बायका विचारतात तसं तिनं विचारलं,
"तू कोणाची गं, पोरी?"
काय करतेस, नाही.
कोणाची.
जिभेवर आलंच होतं: चार नंबरची.
वडील नाहीत. आई नाही.
हॅनू सोडून गेला त्याला बारा वर्षं झाली, सुखात आहे म्हणे.
मी तोंड उघडं ठेवून उभी
आणि लेम्पी उत्तराची वाट न बघता
माझा हात थोपटत राहिली,
जणू उत्तर तिला ठाऊक होतं
आणि मलाच विसर पडला होता.

आत पाळकबाई यार्देनेची गोष्ट वाचत होत्या.
किती वेळा ऐकलेली.
पण या खेपेला मला त्याची नखं दिसली,
नखांत लाकडाचा भुसा.
अजून एक आंधळा बरा केलेला नाही,
एक भाकर मोडलेली नाही, एक शब्द शिकवलेला नाही.
पाण्यातून नुसता वर आला, नाकातोंडात पाणी,
आणि आभाळ म्हणालं, माझा.
लाडका.
आधीच.

ओइवाला माझ्या हातात दिलं.
दोन महिन्यांचा. कामधंदा काही नाही.
डोक्यावर पाणी पडलं, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा त्यानं मान फिरवली
आणि त्याच्या कानाची पाळी
माझ्या अंगठ्या-तर्जनीत आली,
मी आजवर धरलेल्या कुठल्याही पानापेक्षा पातळ,
उजेड आरपार.

मी वाट पाहिली.
बोटं काहीच बोलली नाहीत.

पाण्याचा एक ओघळ माझ्या बाहीत शिरला
आणि कोपरापर्यंत गेला, गार.
मी पुसला नाही.