मागची बाजू

सावद्याच्या वाचनालयातली चोवीस खणांची पेटी
आता लोखंडी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी आहे.
तिच्या पोटातली कार्डं मात्र रोज रात्री
कुणाकुणाच्या मोबाइलवर उजेडात येतात.
फोटो डावीकडे, रकाने उजवीकडे.
पाहायचं, टंकायचं, पुढचं.

वच्छला वायकोळे टंकतात पुण्याहून, नातू झोपल्यावर.
देवचंद फेगडे, केळीचा ट्रक भरून होईस्तो,
काट्यावर उभ्या उभ्या.
मी जेवणानंतर गच्चीवर,
कठडा अजून तव्यासारखा, म्हणून मधोमध बसून.
पैसे नाहीत. सत्कार नको म्हणून कळवलंय,
तरी शाल-नारळ येईलच.

नियम एवढाच: एक कार्ड तिघांनी वाचायचं,
दोघांचं जुळलं की ते खरं.

सुपडू भंगाळे ग्रंथपाल होते तेव्हाची ही अक्षरं.
त्यांचा ‘र’ पाय दुमडून बसतो,
‘ह’ची शेपटी शेजारच्या अक्षराच्या घरात शिरते.
दोनेकशे कार्डांनंतर
त्यांना खोकला कुठे आला तेही कळायला लागतं:
शाई तिथे थांबून जाड झालेली असते.

कार्ड क्रमांक अठराशे बेचाळीस.
वच्छलाताईंनी वाचलं, विहार.
देवचंदने, विचार.
मी, विहीर.
यंत्राने पिवळी पट्टी लावली आणि बाजूला झालं.
ताई म्हणाल्या, धर्माच्या खणातलं आहे, विहारच.
देवचंद म्हणाला, खण कसला, पंखा बंद असताना
पेटी दोनदा पालथी झालीय.
तीन दिवस असेच.

शेवटी मी सायकल काढली.
शेल्फावर त्या क्रमांकाचं पुस्तक नव्हतं.
जागा होती.
मग पेटी ओढली, सळईतून कार्ड सोडवलं
आणि उलटं केलं. मागची बाजू
कुणी फोटोत घेतलीच नव्हती.
तिथे शिसपेन्सिलीने:
हिंमत तडवी, पाल. पाणी लागेपर्यंत ठेवावे.
मागू नये. सु. भं.

म्हणजे विहीर. मी बरोबर निघालो.
ताईंनी अंगठा पाठवला,
देवचंदने लिहिलं, पार्टी.

आता एकच रकाना राहिला, स्थिती.
उपलब्ध. हरवले. रद्द. दुरुस्तीत.
यातलं एक निवडल्याशिवाय
पुढचं कार्ड येत नाही.

पालला रुबाब तडवीला फोन लावला.
हिंमत? माह्या आजाचा चुलतभाऊ, तो म्हणाला.
पाणी लागलं होतं का त्याच्या विहिरीला?
बराच वेळ नुसता वारा,
मागे कुणीतरी शेळ्या हाकलत होतं.
“आता तठी पेट्रोल पंप हाये, भाऊ.
पन बुजवाले पंधरा ट्रॉल्या मुरूम लागला म्हने.
खोल व्हती.”
मग म्हणाला, पुस्तकाचं इचारू का घरात?
एखाद्या पेटीत असंन.

मी म्हटलं, राहू दे.

खाली केळीची गाडी गेली, गच्ची जराशी हलली.
स्क्रीनवर बोट चारही शब्दांवरून फिरलं
आणि परत आलं.
पेटीत अजून सातेक हजार कार्डं आहेत,
प्रत्येकाला मागची बाजू आहे,
आणि रकाने तेवढेच.

देवचंद विचारतो, तुझं अडकलंय का?
हो. अठराशे बेचाळीस माझ्याकडे आहे.
मागू नये.