उरलेली बातमी दुसऱ्या घडावर

रविवारी हजेरीपट पिशवीत घातला,
करंजाळीला शंभराचं पेट्रोल टाकलं
आणि घाट ओलांडून शाळा शोधायला निघालो.

शाळा म्हणजे इमारत नव्हे. इमारत पाड्यावरच आहे,
तिची किल्ली माझ्या खिशात.
शाळा म्हणजे एकवीस मुलं.
त्यातली चौदा दिवाळीनंतर
पिकअपच्या हौद्यात, भांडी आणि कोंबड्यांच्या मध्ये बसून
दिंडोरीकडे गेली.

रकान्यात मी लिहिलं : स्थलांतरित.
केंद्रप्रमुख म्हणाले, तसं नका लिहू,
वर विचारतात.
मग काय लिहू?
थांबा जरा, विचारून सांगतो.
त्याला आता अडीच महिने झाले.

खेडगावच्या शिवारात बागेला लागून बाग.
वर पाखरांसाठी जाळी, खाली हिरवा अंधार,
थंडीनं मण्यांवर गुलाबी चढू नये म्हणून
घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद, पिन मारून बंद.
मुकादम म्हणाला, कुठल्या कंपनीचे तुम्ही?
म्हटलं, शाळेचा.
तो हसला नाही. चहा घ्या म्हणाला.

जयवंती खोटरे, इयत्ता पाचवी,
मांडवाच्या अँगलला बांधलेल्या झोळीत
भावाला झोका देत बसलेली,
बोटात आईची रिंग.
पिवळं प्लॅस्टिक, मधे अठराचं भोक.
मणी आरपार गळला तर लोकल,
अडकला तर बोटीत.
सप्टेंबरच्या चाचणीत मीच विचारलं होतं तिला,
एक सेंटीमीटर म्हणजे किती मिलिमीटर?
ती पट्टीकडे बघत राहिली
आणि मी खालचा स्तर लिहून मोकळा झालो.
आता ती रिंग न लावता, बसल्या जागेवरून सांगते :
हा सोळा. तो सतरा. हा गेला बोटीत.
मी खिशातली पट्टी लावून बघतो.
सतरा.
पट्टी परत खिशात ठेवायला
मला जरा वेळ लागतो.

बाकीचे कुठेत गं?
हिरामण पलीकडच्या प्लॉटला. कुंदा निफाडला गेली.
सोमाची आई बाळंत झाली, तो चूल बघतो.

मग मी ओळीच्या तोंडाशी उभा राहून
पट उघडला, नावं घेतली.
वेलींच्या आतून, कुठून कुठून, नऊ आवाज आले.
हजर, सर.
आणि एक दहावा, जाडसर, बाईचा :
हजर!
सगळ्या बाया खो खो हसल्या.
मीही हसलो.

वाचन सुटलं असेल तुझं, मी जयवंतीला म्हणालो.
तिनं डोक्यावरचा घड दाखवला.
घड गोल, म्हणून बातमीही गोल,
अर्धी समोरून, अर्धी मान वाकडी करून.
ती वाचते, अक्षराखाली बोट न धरता :
जिल्ह्यातील सर्व शाळा डिजिटल होणार, असे प्रतिपादन
इथं कापलंय, सर.
उरलेली बातमी दुसऱ्या घडावर असते.
सापडत नाही लवकर. मी रोज बघते.
एकदा सापडली, विहिरीत पडलेल्या बिबट्याची.
तिसऱ्या ओळीत होती, पार शेवटच्या वेलाला.
मग? निघाला का वर?
निघाला की. शिडी सोडली त्याला.

निघताना मालकानं दोन घड दिले, कागदासकट.
घाटात हँडलवरचे हात बधिर झाले.
घरी पिन काढली, कागद सपाट केला.
'मुलांसाठी हंगामी वसतिगृहे येत्या'
आणि पुढे कात्री.
येत्या काय? आठवड्यात, वर्षात?
तारखेचा कोपरा कुणाच्या घडावर गेला कोण जाणे.
मागच्या बाजूला ट्रॅक्टरची जाहिरात, ती मात्र अख्खी.

बायकोनं द्राक्षं धुऊन ताटलीत ठेवली.
मी पट उघडला.
नऊ जणांपुढे नऊ वेळा ह लिहिला.
दहाव्याला पेन टेकवलं
तेव्हा लक्षात आलं,
तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.