अकरा खुंट्या

सूरच्या पुढे डांबर संपलं
तेव्हा हेरंबने चारी टायरांची हवा कमी केली,
कान लावून,
तापल्या पोराचा श्वास ऐकावा तशी.

तेवीस वर्षं रुवीच्या गोदामात स्टोअरकीपर.
गुरुवारी शेवटची सही झाली.
इथला किनारा पायी कधी पाहिलाच नाही, म्हणाला.
म्हणून निघालो.

दिवसभर कड्यावरून चाललो, शेळ्यांच्या वाटेनं.
पाणी माणशी चार लिटर, त्याच्या वहीत टिपलेलं.
खाली समुद्र असा निळा
की कुणी काही बोललंच नाही.
दळवी वहिनींनी फक्त डबा उघडून पुढे केला.

रात्री वाऱ्यानं तंबू उचलला.
वाळू खुंटी धरेना.
तांदळाच्या पोत्यांत वाळू भरून दोर बांधत होतो,
तर राखणदार हमूद आला, हळूच म्हणाला,
"बत्ती बंद."

मग ती आली.
ओल्या अंधाराचा एक ढेकूळ सुटून
सरपटत, थांबत, सुस्कारत.
वल्ह्यांसारख्या पायांनी तिनं वाळू उपसली,
आमच्या तंबूवर, चहाच्या पातेल्यात,
कुणाची पर्वा न करता.
हेरंब दूर पालथा पडून अंडी मोजत राहिला.
ब्याण्णवपर्यंत मला ऐकू आलं.

सकाळी खुंट्या भरल्या अकरा.
आणल्या होत्या बारा.
त्यानं पोती झटकली, गाडीखाली पाहिलं,
चाळणीनं वाळू चाळली.
मग पाण्यात शिरलेल्या त्या रुंद मागापाशी
बराच वेळ उभा.

वही काढली. पेन्सिल जिभेवर ओली केली.
"तिच्या नावे टाकतो," म्हणाला,
आणि खरंच लिहिलं.