धोटा

आज पाचवा दिवस. रात्री अडीचला पाणी आलं.
नळाची पहिली धार टाकीत पडली
आणि हे अंथरुणातून उठून जिन्यापर्यंत गेले,
भिंत चाचपत, अनवाणी,
नांगर सुटला तर नाही ना, बघायला.

सात वर्षं झाली. नांगर भंगारात गेला.
बोट जयगडच्या एका पोराने घेतली, निम्म्या किमतीत.
पण साखर पेठेत, समुद्रापासून तीनशे किलोमीटर आत,
कुणीतरी अजून रात्रीचं
आमच्या घराची खोली मोजतं.

सहा माग विकले होते तिच्यासाठी.
टॉवेलचे. चालू.
"विहीर विकून ओंजळ घेतली," आत्याबाई म्हणाल्या.
मामंजी काहीच म्हणाले नाहीत,
कांडीवरचा धागा बघत बसले.

नावेला नाव काय द्यायचं, यावरून भांडण.
वेणूला 'शार्क' हवं होतं.
मी म्हटलं, धोटा.
आकार तोच. कामही तेच,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि मागे काहीतरी विणलं जातंय अशी आशा.

लोक विचारतात, डॉल्फिन दिसले?
दिसले.
पण मला आठवते ती भाकरी.
दोन डबे भरून नेलेली कडक भाकरी,
इथे महिनाभर खणखणीत वाजणारी,
कारवारच्या पुढे चौथ्या दिवशी वाकली, रुमालासारखी.
वादळात नाही रडले मी. तेव्हा रडले.

पाण्याचा हिशेब मात्र कुणी शिकवावा लागला नाही.
शेजारच्या बोटीवरची फ्रेंच बाई म्हणाली,
दीडशे लिटरमध्ये चौघं, आठवडाभर? कसं?
म्हटलं, बाई, आम्ही सोलापूरचे.

वर्ष म्हणतो आम्ही. त्यातले चार महिने
कोचीच्या खाडीत दोर आवळून,
गळकं छत, ओले गणिताचे पेपर,
बालामणीचा ताप.
भटकळसमोर इंजिन बंद पडलं तेव्हा हे माझ्यावर ओरडले
आणि मी दोन दिवस बोलले नाही.
एकतीस फुटांत अबोल्याला जागा पुरत नाही.
माणूस उठून चार पावलं जातो,
पुढे पाणी लागतं, परत येतो.

मामंजी एकदाच आले. मालवणला.
लाल डब्यातून, पिशवीत शेंगाचटणी घेऊन.
पाय ठेवला आणि उलटी झाली,
रात्र त्यांनी धक्क्यावर काढली, चादर गुंडाळून, आपल्याच मागावरची.
सकाळी हे शिडाचा तुटलेला दोर जोडत होते,
पुस्तक मांडीवर उघडं.
म्हाताऱ्याने दोर हातातून काढून घेतला.
वर न बघता, डाव्या अंगठ्याखाली एक वेटोळं,
एक ओढ. झालं.
यांनी पुस्तकातलं चित्र बघितलं. तीच.
"साठ वर्षं," मामंजी म्हणाले, "दिवसाला दोनशे वेळा."
आणि सवयीने, उरलेलं टोक दाताने तोडायला वाकले.
बोटभर जाडीचा दोर होता. थांबले.
मग हसले, कितीतरी वेळ,
आणि माग विकल्यापासून पहिल्यांदा
यांना नावाने हाक मारली.

पुढच्या संक्रांतीला ते गेले.
आम्ही गोकर्णला होतो. निरोप दोन दिवसांनी मिळाला.
त्या दोन दिवसांबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

आता हे दुसऱ्याच्या कारखान्यात माग दुरुस्त करतात.
वेणूला पोहायला आवडत नाही.
बालामणी नकाशा उलटा धरून वाचते, दक्षिण वर.
आणि शीड आहे गच्चीवर,
कुरडयांवर सावली म्हणून ताणलेलं,
चार कोपरे, चार सिमेंटचे ब्लॉक, चार गाठी.

एप्रिलमध्ये संध्याकाळी वावटळ उठते अक्कलकोट रस्त्याच्या बाजूने.
शीड पोट काढतं.
एखादा ब्लॉक
वीतभर सरकतो, फरशीवर पांढरी रेघ ओढत.

मी ह्यांना सांगत नाही.
खाली जाऊन अजून एक ब्लॉक आणते.