सतरा

तबरीझ. रात्रीचे पावणेदोन.
सोल्माझ काचेची कुपी पुसते, पुन्हा पुसते.
बोटाचा ठसा राहिला तर यंत्र तोही मोजतं.

आत डीएनएचा तुकडा,
त्याच्या पायऱ्यांवर वस्तीला आलेला रंग,
कोवळ्या पिस्त्यासारखा हिरवा.
वरून एक थेंब सीरम.
चिठ्ठीवर नाव नाही, नुसता खाटेचा नंबर.

औषध रक्तात असेल
तर पाचर मारल्यासारखं पायऱ्यांत घुसेल,
रंगाला हुसकून लावेल
आणि उजेड उतरेल.
जितकं मंद, तितकं औषध.

आमच्यात दिवा विझला म्हणत नाहीत.
ही मात्र दर रात्री
विझण्याचीच वाट बघत बसते.

सोळापर्यंत सगळे निमूट मंदावले.
सतरा लख्ख.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.
मग वॉर्डात फोन:
सतराला डोस गेला ना?
"गेला की. संध्याकाळी मीच लावला,
शेवटच्या थेंबापर्यंत बसले होते."
मग एवढ्यात कुठे गेलं?
परिचारिका गप्प.
मागे कुणीतरी खोकतं.

झोपलाय का तो?
"छे. डाळिंब सोलत बसलाय.
विचारतोय, फोनवर जी कोण आहे
तिला पाठवू का थोडं?"