चार सेकंद

दारव्ह्याला मोबाइलच्या दुकानामागं एक खोली आहे.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी,
पंखा बंद. तिथं मी तीनदा म्हणते:
शिलाई मशीन, शिलाई मशीन, शिलाई मशीन.
मोहसीन बोट वर करतो, "कुंदाताई, हसून.
हसलेलं ऐकू येते."
खरंच येते. ओठ ताणले की शब्दाला
साखर लागते, वरून, करंजीला लागते तशी.

दुपारी दुसरे लोक येतात, दुसरा कागद.
गाव तेच, टाकी तीच, रस्ता तोच,
फक्त मशीनच्या जागी नारळ.
मिनिटाला तीनशे. चहा दोन्हीकडून.

दहा वर्षांत एवढं शिकले:
आधी मायबहिणींना हाक मारायची, मग बाकीच्यांना.
आश्वासनाआधी प्रश्न, आणि प्रश्न असा
की "हो"शिवाय तोंडातून दुसरं निघू नये.
"आपल्या गावाला पाणी पाहिजे की नाही?"
मग श्वासाएवढी जागा सोडायची.
त्या जागेत गाव स्वतःच बोलते
आणि त्याला वाटते, हे तर मीच म्हटलं.
समोरच्याचं नाव घ्यायचं नाही. "ते" म्हणायचं.
"ते"ला तोंड नसते,
ज्याला जे पाहिजे ते बसवून घेता येते.

आमचा आबा, सिरपत, बोरखडीचा कोतवाल.
दफडी घेऊन तीन ठिकाणी थांबायचा:
पार, विहीर, पाटलाच्या घराचा कोपरा.
देवीची लस. सारा. लढाईची भरती.
एका मेलेल्या राजाचा दुखवटा,
जो राजा त्यानं फक्त नाण्यावर पाहिला होता.
शब्द कोणाचे, कोणी विचारलं नाही.
पण शेवटी, दफडीवर पंजा ठेवून,
तो खालच्या आवाजात जोडायचा,
"असं वरतून सांगतलं हो."
अन् पुढच्या गल्लीला लागायचा.
माय सांगते, लोक त्या शेवटच्या ओळीसाठी थांबत.
ती कोणत्या सुरात आली त्यावरून ठरवत
की पोरांना लस टोचायची
की कोठीत लपवायचं.

यंदा शाळेच्या चौकात दोन ऑटो समोरासमोर आले.
दोन्ही भोंग्यांत मी.
एक मी दुसऱ्या मला खोडत होती,
दोघी हसत होत्या.
ओट्यावर शेंगा फोडत अनसूयामावशी म्हणाली,
"हे नारळवाली बाई खरी वाटते व.
ते दुसरी पैसे घेऊन बोलून राह्यली."
मी शेजारीच उभी, हातात भाजीची पिशवी.
म्हटलं, "मावशी, दोन्ही मीच आहो."
तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.
"चाल व. तुहा आवाज असा कुठं आहे?"

त्यानंतरच्या रेकॉर्डिंगला
कागद संपला, मी थांबले नाही.
म्हटलं, "असं मला लिहून दिलं आहे."
पडद्यावर माझा आवाज ज्वारीच्या कणसांसारखा
ओळीनं उभा होता.
मोहसीननं शेवटचं कणीस निवडलं, खुडलं.
"गंमत भारी आहे ताई. पण पैसे ते देतात."
तुकडा मात्र माझ्या मोबाइलवर पाठवला.
चार सेकंद.

आता प्रचार थांबला. भोंगे उतरले,
ऑटोवाले सोयाबीनची पोती वाहून राहिले.
सगळे झोपले की मी तो तुकडा लावते,
आवाज बारीक करून.
ऐकते. पुन्हा ऐकते.
हसून म्हटलंय मी ते.
वाटते, हेही कोणीतरी लिहूनच दिलं असेल.