मे सरताना, वेळणेश्वर

शनिवारी मिरवेल पोफळीला बांधून झाली,
सुंभ संपला म्हणून शेवटची गाठ
जुन्या बुटाच्या नाडीची.

झुलेखाने दिलेल्या पडवळाच्या बिया
राखेत घोळून पेरल्या.
किती खोल, विचारायचं राहिलं.
बोटाच्या पहिल्या पेराइतकं, मीच ठरवलं.

मग आगराच्या सावलीत आडवी.
पोटावर बरक्या गऱ्यांची वाटी,
हाताला चीक,
पुस्तकाचं पान उलटता येईना,
तेच पान दोनदा वाचलं.

रविवारी काहीच केलं नाही.
आळ्यात पाणी सोडून
बांधावर पाय पसरून बसले
ते भरून वाहू लागलं तरी.
पलीकडे समुद्र त्याचं त्याचं करत होता.

नखांतली माती
सोमवारी चिपळूणच्या काउंटरवर
नोटा मोजताना दिसेल.
दिसू दे.